निर्दोष ठरूनही नोंद कायम!

न्यायालयाने दिलेल्या शिक्षेला अंत असतो. दंड भरला की तो संपतो, कारावास भोगून झाला की तुरुंगाचे दार उघडते. परंतु शासनाच्या एखाद्या नोंदवहीत ज्याचे नाव एकदा चढले, त्याच्या शिक्षेचा अंत कोठे? तेथे आरोपपत्र नसते, उलटतपासणी नसते आणि निकालपत्रही नसते. एका कर्मचाऱ्याच्या अहवालावर नाव चढते आणि पुढे नोकरी मागताना, दत्तक मूल मागताना, अगदी पोरक्या झालेल्या नातवंडाला आपल्या घरी आणताना ते नाव आडवे येते. अमेरिकेतील राज्या-राज्यांत बालकांचा छळ आणि हेळसांड करणाऱ्यांच्या ज्या मध्यवर्ती नोंदवह्या ठेवल्या जातात, त्यांच्याविषयी गेली चार दशके न्यायालयांत आणि विधिमंडळांत चाललेला वाद नेमका याच प्रश्नाचा आहे. त्या नोंदवहीतून नाव वगळण्याचा मार्ग असावा की नसावा, आणि असला तर तो कोणासाठी असावा?

प्रश्न सातासमुद्रापलीकडचा असला, तरी मराठी वाचकाने तो परका मानू नये. न्यू जर्सीपासून कॅलिफोर्नियापर्यंत हजारो मराठी कुटुंबे आज संसार थाटून आहेत आणि तेथील बालसंरक्षण कायदा त्यांच्याही उंबरठ्याच्या आत येतो. शिवाय बालकांच्या रक्षणासाठी याद्या आणि पडताळण्या उभारण्याच्या मार्गावर भारतही आता चालू लागला आहे. पुढच्याला जेथे ठेच लागली, ती जागा मागच्याने पाहून ठेवण्यातच शहाणपण आहे.

या नोंदवह्या जन्माला आल्या त्या एका खऱ्या आणि भयंकर वेदनेतून. १९६२ साली हेन्री केम्प या बालरोगतज्ज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेच्या वैद्यकीय नियतकालिकात एक निबंध प्रसिद्ध केला. रुग्णालयात येणाऱ्या कित्येक तान्ह्या मुलांची मोडलेली हाडे ही अपघाताने नव्हे, तर घरच्याच माणसांच्या मारहाणीने मोडलेली असतात, हे त्याने वैद्यकीय पुराव्याने दाखवून दिले. समाज हादरला. १९६७ पर्यंत अमेरिकेतील प्रत्येक राज्याने असा संशय आल्यास शासनाला कळवण्याची सक्ती करणारा कायदा केला. १९७४ साली केंद्रीय बालछळ प्रतिबंधक कायदा आला. एका रुग्णालयात संशय येताच मुलाला दुसऱ्या रुग्णालयात नेणारे, एका गावात बोभाटा होताच दुसऱ्या गावी बिऱ्हाड हलवणारे आईबाप हाती लागावेत, म्हणून तक्रारींची एकत्र नोंद ठेवण्याची ही व्यवस्था होती. त्यात वावगे काहीच नव्हते. मुके मूल स्वतःची फिर्याद मांडू शकत नाही. त्याच्या वतीने कोणीतरी लक्षात ठेवायला हवे, ही भावना कोणत्याही सुसंस्कृत समाजाला शोभणारीच आहे.

पुढे मात्र या नोंदवहीचे काम बदलले. जी वही अधिकाऱ्याने सावध राहावे म्हणून होती, ती नोकरी देणाऱ्यांसाठी खुली होऊ लागली. पाळणाघरे, शाळा, शाळेच्या बसगाड्या, वृद्धांची शुश्रूषा, दत्तकविधान अशा अनेक ठिकाणी ‘या माणसाचे नाव वहीत आहे काय’ अशी विचारणा आवश्यक ठरली. वहीचे काम बदलले, पण त्यात नाव घालण्याची रीत जुनीच राहिली. सावधगिरीसाठी पुरेसा असणारा पुसट संशय एखाद्याची उपजीविका काढून घेण्यासाठीही पुरेसा मानला जाऊ लागला. सगळ्या अन्यायाचे मूळ या एका ठिकाणी आहे.

न्यूयॉर्क राज्यातील एका मातेचे प्रकरण या दृष्टीने बोलके आहे. १९८९ साली तिने आपल्या अकरा वर्षांच्या मुलीला उघड्या हाताने एक थप्पड मारली. कारण काय? तर मुलगी चोरी करताना सापडली होती. शाळेतून तक्रार गेली, चौकशी झाली आणि आईचे नाव राज्याच्या मध्यवर्ती नोंदवहीत चढले. कुटुंब न्यायालयातील कारवाई समुपदेशनाच्या अटीवर मिटली, परंतु नोंद राहिली. ही स्त्री पूर्वी शाळेत मदतनीस म्हणून काम केलेली होती आणि मुलांच्या संगोपनाच्या क्षेत्रातच तिला पुढे काम करायचे होते. तो मार्ग बंद झाला. मुलांवर हात उगारणे हा संस्काराचा मार्ग नव्हे, हे मान्यच करायला हवे. पण चोरी करणाऱ्या मुलीला एक थप्पड मारणारी आई आणि तान्ह्या मुलाचे हाड मोडणारा नराधम यांची नावे एकाच वहीत, एकाच शीर्षकाखाली लिहिली जावीत, हा कोणता न्याय?

१९९४ साली तेथील केंद्रीय अपील न्यायालयाने या प्रकरणी जो निर्णय दिला, त्यातून व्यवस्थेचे आतले चित्र बाहेर आले. न्यूयॉर्कच्या नोंदवहीत त्या वेळी सुमारे २० लाख व्यक्तींची नावे होती. नाव चढवण्यासाठी ‘काही विश्वासार्ह पुरावा’ एवढेच पुरत होते. दुसऱ्या बाजूचा पुरावा त्याहून बळकट असला, तरी नाव चढवण्यात आडकाठी येत नव्हती. आणि नाव वगळावे म्हणून जे दाद मागत, त्यांच्यापैकी जवळपास ७५ टक्के लोकांना अखेर यश येत असे. २००१ साली इलिनॉय राज्याच्या व्यवस्थेविषयीच्या खटल्यातही जवळपास हेच प्रमाण समोर आले.

या आकड्याचा विपर्यास करता कामा नये. दाद मागणाऱ्यांपैकी तीन-चतुर्थांश सुटले, याचा अर्थ वहीतील तीन-चतुर्थांश लोक निर्दोष होते असा होत नाही. ज्यांची बाजू भक्कम, तेच बहुधा दाद मागायला जातात. तरीही ज्या तराजूत पुन्हा वजन केले की चारांतली तीन मापे चुकीची निघतात, तो तराजू दुकानात ठेवण्याच्या लायकीचा नसतो, एवढे तर कोणताही व्यापारी सांगेल. त्यातही क्रम असा उफराटा होता की, पुराव्याचे पारडे खरोखर कोणत्या बाजूला झुकते हे तपासणारी सुनावणी त्या माणसाला नोकरी नाकारली गेल्यानंतरच मिळत असे. आधी भाकरी जावी आणि मग न्याय मिळावा, अशी ही रचना न्यायालयाने घटनेच्या कसोटीवर अमान्य केली.

याहून विदारक कथा कॅलिफोर्नियाची. २००१ साली तेथील एका दांपत्यावर नवऱ्याच्या पहिल्या विवाहातील किशोरवयीन मुलीने छळाचा आरोप केला. पतिपत्नींना अटक झाली आणि त्यांची दोन लहान मुले शासनाने ताब्यात घेतली. पुढे फौजदारी खटला निकालात निघाला. न्यायालयाने त्या दोघांना ‘वस्तुतः निर्दोष’ असे घोषित केले. नुसती पुराव्याअभावी सुटका नव्हे, तर स्पष्ट निर्दोषत्व. बाल न्यायालयानेही आरोप खरे नाहीत असा निष्कर्ष काढला. दोन न्यायालयांनी एका सुरात निर्दोष ठरवल्यानंतर तरी राज्याच्या बालछळ सूचीतून त्यांची नावे जावीत की नाही? ती गेली नाहीत. कारण नाव आव्हान देऊन वगळून घेण्याची कोणतीही नियमित पद्धतच अस्तित्वात नव्हती. ज्या अधिकाऱ्याने नाव पाठवले, त्याचेच मन वळवणे एवढा एकच उपाय उरत होता. ज्याने कोंडले, त्याच्याच खिशात किल्ली!

केंद्रीय अपील न्यायालयाने २००८ साली दिलेल्या आणि २००९ च्या आरंभी सुधारलेल्या निकालात ही व्यवस्था घटनेने दिलेल्या योग्य प्रक्रियेच्या हमीचा भंग करणारी ठरवली. २०१० साली प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, पण तेथे प्रश्न लॉस एंजेलिस काउंटीच्या उत्तरदायित्वापुरता मर्यादित राहिला. अखेर राज्याच्या विधिमंडळाला जाग आली. २०११ साली संमत होऊन २०१२ च्या प्रारंभी लागू झालेल्या कायद्याने केवळ पुराव्याने शाबीत झालेल्या प्रकरणांचीच नोंद सूचीत राहील असे ठरले, अनिर्णित नोंदी काढून टाकण्याची तरतूद झाली आणि नोंदलेल्या व्यक्तीला सुनावणीचा अधिकार मिळाला. घटनेच्या वेळी जो स्वतःच अठरा वर्षांखालील होता, त्याचे नाव पुन्हा तक्रार न आल्यास दहा वर्षांनी वगळले जाईल, अशीही सोय पुढे झाली. पण या सूचीच्या कायद्यात आणखी एक तरतूद आहे. वयाची शंभर वर्षे पूर्ण झाली की सूचीतील नाव काढून टाकावे! आपल्याकडे वडीलधारी मंडळी ‘शतायुषी हो’ असा आशीर्वाद देतात. त्या आशीर्वादाचे फळ एखाद्या नोंदवहीतून सुटका होण्यापुरते उरावे, याहून शासकीय यंत्रणेचे अजब रूप दुसरे कोणते?

आता न्यू जर्सीकडे वळू. एडिसन आणि त्याच्या आसपासच्या गावांत मराठी घरांची संख्या मोठी आहे आणि त्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने दिलेले दोन निर्णय तेथील प्रत्येक मराठी आईबापाने समजून घ्यावेत असे आहेत. पहिला २०११ सालचा. एक तरुण आई आपल्या चार वर्षांच्या मुलासह आईवडिलांच्याच घरात राहत होती. एका संध्याकाळी तिने मुलाला झोपवले. दारात आपल्या आईची गाडी उभी दिसली, म्हणजे आजी घरात आहे असे तिने गृहीत धरले आणि ती बाहेर जेवायला गेली. दुर्दैवाने आजी घरात नव्हती. मूल जागे झाले, कोणी दिसेना म्हणून रस्ता ओलांडून शेजाऱ्याकडे गेले. मुलाला काही इजा झाली नाही, परंतु आईवर हेळसांडीचा शिक्का बसला. न्यायालयाने तो पुसला. चूक झाली हे खरे, पण चूक आणि बेपर्वाई यांत अंतर आहे. ज्या घरात आजी-आजोबा नेहमी असतात, तेथे ते असतील असे समजणे ही बेपर्वाई नव्हे, असा त्या निर्णयाचा आशय होता. आजी घरात आहे या भरवशावर ज्यांचे संसार उभे आहेत, अशा भारतीय कुटुंबांना या निर्णयाचे मोल वेगळे सांगायला नको.

दुसरे प्रकरण एडिसनला लागूनच असलेल्या साउथ प्लेनफिल्डमधील. २००९ च्या मे महिन्यात एका आईने एकोणीस महिन्यांचे झोपलेले मूल चालू इंजिनाच्या, कुलूपबंद गाडीत ठेवले, काचा किंचित उघड्या ठेवल्या आणि ती दुकानात जाऊन दहा मिनिटांच्या आत परतली. तिचे नाव नोंदवहीत गेले. सुनावणी मागितली, ती नाकारली गेली. २०१५ साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने सांगितले की, असे प्रत्येक प्रकरण त्याच्या परिस्थितीनुसार तपासावे लागेल, मूल क्षणभर एकटे राहिले म्हणजे आपोआप हेळसांड सिद्ध होत नाही आणि त्या मातेला सुनावणी मिळालीच पाहिजे. न्यायालयाने तिचे वागणे योग्य ठरवले नाही. तिचे ऐकून घेतल्याशिवाय तिला दोषी ठरवू नका, एवढेच म्हटले. हे एवढेसे मिळवायला तिला सहा वर्षे लागली.

या वादाची दुसरी बाजू तेवढ्याच गांभीर्याने ऐकली पाहिजे. बालकांच्या हक्कांसाठी झटणारे म्हणतात की, नावे वगळण्याची सवय लागली तर खरा नराधमही निसटेल. ही भीती निराधार नाही. २०१३ साली कॅलिफोर्नियातील पामडेल येथे आठ वर्षांचा एक मुलगा घरच्यांच्या छळाने मेला. त्याच्या शिक्षिकेने यंत्रणेला वारंवार कळवले होते, इतरांच्याही तक्रारी होत्या. पण प्रत्येक तक्रार सुटी पाहिली गेली आणि मूल त्याच घरात राहिले. अशा वेळी जुन्या नोंदी पुसून टाकणे म्हणजे पुढच्या मुलाचा जीव धोक्यात घालणे नव्हे काय, असा सवाल केला जातो.

या सवालाचे उत्तर अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यातच १९९६ साली देऊन ठेवलेले आहे, आणि ते नीट पाहिले तर निम्मा वाद मिटतो. आरोप सिद्ध न झालेली किंवा खोटी ठरलेली नोंद नोकरीच्या पडताळणीसाठी वापरल्या जाणाऱ्या वहीतून त्वरित काढावी, परंतु बालसंरक्षण खात्याने स्वतःच्या कामकाजाच्या दप्तरात ती माहिती पुढील धोका ओळखण्यासाठी ठेवण्यास हरकत नाही, असे तो कायदा म्हणतो. म्हणजे दप्तर वेगळे आणि यादी वेगळी. दप्तर अधिकाऱ्याची स्मृती असते. यादी ही समाजापुढे मांडलेला आरोप असतो. अधिकाऱ्याने काहीच विसरू नये, पण शासनाने सिद्ध न झालेले काही जाहीर करू नये. पामडेलच्या मुलाचा बळी यादीत नावे कमी होती म्हणून गेला नाही. हाताशी असलेल्या तक्रारी एकत्र वाचून धावून जाणारा माणूस त्याला मिळाला नाही म्हणून गेला. यादी फुगवल्याने अधिकाऱ्याची जबाबदारी पार पडत नाही. उलट, लाखो नावांच्या गर्दीत खरा गुन्हेगार लपून जातो.

या गर्दीत बहुतांश नावे कोणाची असतात, हेही पाहण्यासारखे आहे. अमेरिकेत शाबीत ठरणाऱ्या बालप्रकरणांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश प्रकरणे हेळसांडीची असतात; मारहाण आणि लैंगिक अत्याचार यांचे प्रमाण त्यामानाने कमी. हेळसांड या शब्दाच्या पोटात काय काय येते? घरात पुरेसे अन्न नाही, घर राहण्याजोगे नाही, कामावर जाताना मुलाला सांभाळायला कोणी नाही. यातले कित्येक दोष दारिद्र्याचे आहेत, दुष्टाव्याचे नाहीत. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार अमेरिकेतील सुमारे ३७ टक्के मुलांना वयाच्या अठराव्या वर्षापर्यंत केव्हा ना केव्हा बालसंरक्षण चौकशीचा अनुभव येतो. कृष्णवर्णीय मुलांत हे प्रमाण ५३ टक्के आहे. ज्या गरीब आईला पाळणाघरात किंवा वृद्धांच्या सेवेतच काम मिळू शकते, तिचे नाव यादीत टाकून तिचे तेच काम काढून घ्यायचे आणि वर तिच्या मुलांना पोटभर मिळत नाही म्हणून पुन्हा तिलाच दोषी धरायचे, हे दुष्टचक्र मुलांचे कोणते हित साधते? आईची भाकरी हिरावून लेकराचे रक्षण होत नसते.

हे भान आता तेथे येऊ लागले आहे. मिसुरी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २००७ साली नाव चढवण्याआधीच सुनावणी हवी आणि पुराव्याचे पारडे स्पष्टपणे जड हवे, असा दंडक घातला. न्यूयॉर्कने २०२० साली कायदा बदलला आणि तो २०२२ च्या पहिल्या दिवसापासून लागू झाला. तोपर्यंत तेथे सर्वांत धाकटे मूल अठ्ठावीस वर्षांचे होईपर्यंत नोंद टिकत असे. म्हणजे मूल मोठे होऊन, स्वतः संसारी होऊनही आईच्या नावापुढचा शेरा कायम! नव्या कायद्याने प्राथमिक चौकशीतच पुराव्याचे पारडे जड असण्याची अट घातली आणि निव्वळ हेळसांडीच्या नोंदी आठ वर्षांनंतर नोकरीच्या पडताळणीत दिसणार नाहीत असे ठरवले. कुटुंब न्यायालयाने दोषमुक्त केले, तर त्याचा मान नोंदवहीनेही राखावा हेही त्यात आले. अत्याचाराच्या गंभीर नोंदींना ही सवलत नाही, आणि ते योग्यच आहे.

या सगळ्या अनुभवातून जे निष्पन्न होते ते थोडक्यात असे. नाव चढवण्याआधी त्या माणसाला कळवा आणि त्याचे ऐका. पुसट संशयावर नव्हे, तर पुरावा कोणत्या बाजूला झुकतो हे पाहून निर्णय करा. थप्पड, दारिद्र्य आणि क्रौर्य यांना एका मापाने मोजू नका. ज्यांचे वर्तन सुधारले, ज्यांच्याविषयी वर्षानुवर्षे दुसरी तक्रार नाही, त्यांना त्रयस्थ अधिकाऱ्यापुढे दाद मागण्याचा मार्ग ठेवा. आणि मुलांवर अत्याचार करणाऱ्याला मात्र या दारातून बाहेर पडू देऊ नका. यादी जितकी नेमकी, तितका तिचा धाक अधिक. ज्या यादीत निर्दोषांची नावे असतात, त्या यादीवर हळूहळू कोणीच विश्वास ठेवीनासे होते, आणि मग ती दोषींनाच सोयीची होते.

भारतात अशी व्यापक नोंदवही आज नाही. आपल्याकडची व्यवस्था न्यायालयीन निर्णयाच्या अंगाने गेलेली आहे. २०१२ च्या पॉक्सो कायद्याने बालकांवरील लैंगिक अत्याचाराची माहिती पोलिसांना देणे बंधनकारक केले, आणि त्याच कायद्यात द्वेषबुद्धीने खोटी तक्रार करणाऱ्या प्रौढाला शिक्षेची तरतूदही ठेवली. २०१८ च्या सप्टेंबरमध्ये लैंगिक गुन्हेगारांची राष्ट्रीय माहितीसूची सुरू झाली. ती दोषसिद्ध गुन्हेगारांची आहे आणि तपास यंत्रणांपुरतीच खुली आहे. २०२० च्या पॉक्सो नियमांनी मुलांशी नित्य संबंध येणाऱ्या कर्मचाऱ्यांची पोलीस पडताळणी संस्थांवर बंधनकारक केली. २०२४ च्या ऑगस्टमध्ये बदलापूरच्या शाळेतील घटनेने महाराष्ट्र ढवळून निघाला, आणि शाळांतील चारित्र्य पडताळणी किती कागदावरच राहिली होती हे सर्वांना दिसले. दुसऱ्या बाजूला २०१५ च्या बालन्याय कायद्याने ‘नव्या प्रारंभाचे’ तत्त्व स्वीकारले आहे. वाट चुकलेल्या मुलाच्या जुन्या नोंदी, विशेष परिस्थिती वगळता, पुसल्या जाव्यात, असे ते तत्त्व सांगते. कठोरता आणि करुणा यांचा हा मेळ भारतीय विचाराला साजेसा आहे. वाल्याचा वाल्मीकी होऊ शकतो, असे मानणाऱ्या समाजाला पश्चात्तापाचे दार कायमचे बंद करणे मानवणारे नाही. त्याच वेळी, वाल्या वाल्या असेपर्यंत त्याच्या हाती मुले सोपवायची नसतात, हेही तितकेच खरे.

प्रत्येक धक्कादायक घटनेनंतर ‘सर्वांची यादी करा, जाहीर करा’ अशी मागणी आपल्याकडेही उठते. संताप समजण्यासारखा असतो. पण संतापाच्या भरात केलेला कायदा निर्दोषाच्या गळ्यात अडकतो आणि दोषी वकिलाच्या मदतीने सुटतो. अमेरिकेला हे उमगायला चार दशके लागली. भारतात उद्या अशी सूची करायचे ठरलेच, तर नाव चढवण्याच्या नियमाइतकाच काळजीपूर्वक नाव वगळण्याचा नियमही पहिल्या दिवशीच लिहिला गेला पाहिजे.

कायदा होईल तेव्हा होईल. शाळा, वसतिगृहे, पाळणाघरे, संस्कारवर्ग आणि उन्हाळी शिबिरे चालवणाऱ्या कार्यकर्त्यांना आजच करण्याजोगे पुष्कळ आहे. मुलांच्या सहवासात येणाऱ्या प्रत्येकाची चारित्र्य पडताळणी व्हावी. ओळखीचा आहे, जुना आहे, घरोब्याचा आहे म्हणून कोणालाही सूट नसावी. तक्रार आली तर ती लेखी घ्यावी आणि कायद्याने पोलिसांना कळवणे आवश्यक असेल तेथे एक क्षणही दवडू नये. संस्थेच्या नावाला बट्टा लागेल म्हणून प्रकरण दडपणे हे त्या मुलाशी आणि संस्थेशीही केलेले द्रोहाचे कृत्य आहे. पण ज्याच्याविरुद्ध कुजबूज आहे, त्याला आरोप सांगितल्याशिवाय आणि त्याचे म्हणणे ऐकल्याशिवाय ‘तो तसलाच’ असा शिक्का मारून गावभर करणे हेही पातकच. गावगप्पांची वही सर्वांत जुनी. तिच्यात सुनावणी नसते आणि तीत चढलेले नाव पिढ्यान्‌पिढ्या पुसले जात नाही. ती वही आपल्याच हाती असल्याने तिला आवर घालणेही आपल्याच हाती आहे.

आणि परदेशात राहणाऱ्या मराठी कुटुंबांनी तेथील कायदा भीतीने नव्हे, तर समजून घेऊन पाळावा. मुलाला एकटे ठेवण्याविषयीचे, शिक्षा करण्याविषयीचे राज्याचे नियम माहीत करून घ्यावेत. चौकशीची नोटीस आली तर लाजेने ती खणात टाकून देऊ नये. दाद मागण्याची मुदत निघून गेली की निर्दोष माणसाचीही वाट बंद होते. आजूबाजूच्या मराठी मंडळांनी अशा वेळी त्या घरापासून चार हात दूर न जाता पाठीशी उभे राहावे, जाणकार वकिलाची गाठ घालून द्यावी. संकटात सापडलेल्या आईबापांना ‘काहीतरी केले असेल’ असे म्हणणारा समाज त्या नोंदवहीतच आपली एक ओळ भर घालीत असतो.

मुलाचे रक्षण आणि निर्दोषाला न्याय ही दोन परस्परविरोधी ध्येये आहेत, असा समज करून घेतल्यामुळेच या नोंदवह्या बिघडल्या. निर्दोष आईवर शिक्का बसतो तेव्हा तिच्या मुलांचेच छत्र मोडते आणि दोषी निसटतो तेव्हा दुसऱ्या मुलाचा बळी जातो. दोन्ही वेळा किंमत मूलच मोजते. म्हणून नोंदवही हवीच. पण तिच्यात नाव लिहिणाऱ्याचा हात सत्यासाठी थांबायला हवा, आणि चुकून लिहिलेले नाव खोडण्याची लाज त्या हाताला वाटता कामा नये.